बागकामाचा कोर्स करायचाय? गोव्यात राहून या चुका तरी टाळा

चाळिशी उलटली की माणसाला एकतर गुडघेदुखी लागते नाहीतर झाडांचं वेड, मला दोन्ही एकदम लागलं. फोंड्याजवळ सासऱ्यांचं जुनं भाट आहे, थोडे माड, पोफळी, आठ-दहा काजू आणि एक म्हातारा मानकुराद आंबा, बघणारं कोणी नाही, म्हणून म्हटलं आपणच रीतसर शिकूया. त्या नादात चार कोर्स केले, त्यातले दोन पाण्यात गेले. त्या दोनाबद्दलच जास्त लिहितेय कारण चांगल्या कोर्सबद्दल सगळेच लिहितात.

पहिली चूक म्हणजे काय शिकायचंय ते न ठरवता फोनवर नुसतं 'गार्डनिंग कोर्स' शोधत बसणं. मी तेच केलं, आणि जे पहिलं वर आलं त्याचे पैसे भरले. दोन दिवसांचा वर्ग, मे महिना, एसी हॉल, पडद्यावर फोटो. मला शिकायचं होतं काजूचं कलम, पोफळीला कोळेरोग (पावसात सुपारी कुजून गळते तो) लागतो तेव्हा काय करायचं, आणि तिथे बाई सांगत होत्या बाल्कनीत लेट्यूस कसा लावायचा. कलमाची एक स्लाईड आली आणि गेली, चाकू कोणाच्या हातात आलाच नाही. शेवटी कोकोपीट आणि कुंड्यांचं किट विकायला ठेवलेलं, ते मी घेतलंसुद्धा (घरी ह्यांनी अजून ते विसरू दिलेलं नाही). बाईंची चूक नव्हती हो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तो वर्ग ठीकच होता, मीच चुकीच्या दारात गेले होते.

तर आधी ठरवा. घरामागच्या परसात किंवा गच्चीवर भाजी करायची असेल तर एक-दोन दिवसांचं ट्रेनिंग पुरतं. कुळागर (माड-पोफळीची मिश्र बाग), काजू, आंबा सांभाळायचा असेल तर शेतीखात्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे जायला हवं. आणि रिसॉर्ट-बंगल्यांच्या बागांची कामं धरून पैसे कमवायचे असतील तर लॉन, पाण्याची लाईन, मजूर, कोटेशन हे शिकवणारं काहीतरी बघा, तिकडे कलम बांधता आलं नाही तरी चालतं. तिन्ही एकाच कोर्समध्ये देतो म्हणणाऱ्याला आधी सिलॅबस मागायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, महिना. फी किती, सर्टिफिकेट मिळणार का, हे सगळे विचारतात पण कोर्स कुठल्या महिन्यात आहे हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे आंब्याचं कोय कलम (नुकत्या उगवलेल्या बाठ्यावरचं) आणि मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फांदीवरचं) साधारण जुलै-ऑगस्टला करतात, कारण हवेत ओल असते आणि काडी (चांगल्या झाडाची जोडायची फांदी) सुकत नाही. म्हणजे जानेवारीत कोणी तुम्हाला कलम शिकवतो म्हणाला तर तो दाखवेल, तुम्ही बघाल, घरी येऊन कराल आणि बहुतेक मरेल. पोफळीच्या कोळेरोगाचंही तसंच, १ टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) पहिली फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि पुढची ४०-४५ दिवसांनी, तर ते मिश्रण करायला मे महिन्यातच शिकायला हवं, गणेश चवथीनंतर शिकून काय करणार, सुपारी तोवर गळून पडलेली असते. प्रमाण सोपं आहे, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पण वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं असतं, त्यात हात घातल्याशिवाय अंदाज येत नाही. काजूवर ढेकण्या ही कीड येते ती पालवी-मोहोराच्या वेळेला, म्हणजे थंडीत. म्हणून चौकशी करताना सरळ विचारा, 'ह्या तारखांना झाडावर प्रत्यक्ष काय करून बघणार?' उत्तरात नुसतं 'थिअरी कव्हर करतो' आलं तर पुढच्या बॅचचं विचारून फोन ठेवा.

माझा दुसरा फसलेला कोर्स ऑनलाईन, बाहेरदेशचा. शिकवणारा माणूस एकदम गोड, व्हिडिओ सुंदर, पण पहिल्या धड्यातच 'तुमच्याकडचं शेवटचं हिमतुषार कधी पडतं ते लिहा' असा गृहपाठ. फोंड्यात! मी महिनाभर रेटलं मग सोडलं. परदेशचं सोडा, पुण्या-नाशकाकडचं शिकलेलंही जसंच्या तसं इथे लागू होत नाही. तिकडची काळी माती पाणी धरून ठेवते, आपली जांभ्यावरची लाल माती आम्लधर्मी आणि निचऱ्याची, वर वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, सगळं खत धुऊन नेतो. त्यामुळे पावसाच्या आधी एकदम खत ओतण्यापेक्षा हप्त्याने देणं, चर काढणं, आळ्यात पालापाचोळा घालणं हे इथल्या शिक्षकालाच सुचतं. खाजन (खाडीकाठची खारी) जमीन असेल तर मिठाचा प्रश्न आणखी वेगळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचं काही मिळालं तर मात्र जरूर घ्या, पाऊसमाती आपल्यासारखीच आहे आणि काजूच्या वेंगुर्ला जाती तिथल्याच.

गोव्यात कुठे जायचं? जुन्या गोव्यात आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, पूर्वी तिला आयसीएआर कॉम्प्लेक्स म्हणायचे आणि अजूनही लोकांना तेच सांगितलं की पटकन कळतं. उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र तिथेच. दक्षिणेचं मडगावला, ते शेतीखातं चालवतं. शिवाय तालुक्यातलं विभागीय कृषी कार्यालय आहे, तिथे निदान तोंडओळख करून ठेवा. इथे चूक काय होते, लोक वेबसाईट बघतात, तारीख सापडत नाही, मग 'सरकारी काम' म्हणून सोडून देतात. अहो फोन करा, नाव-नंबर लिहून ठेवायला सांगा, आणि दोन आठवड्यांनी परत फोन करा. माझा नंबर दुसऱ्या फोननंतर लागला. ही ट्रेनिंगं बऱ्याचदा कामाच्या दिवशी असतात, नोकरीवाल्यांनी एक-दोन रजा त्यासाठी राखून ठेवायच्या. फी नसते किंवा नावाला असते, म्हणून त्याला कमी समजू नका, मला पहिल्यांदा कलमचाकू हातात मिळाला तो अशाच एका फुकट ट्रेनिंगला.

सर्टिफिकेटच्या मागे लागणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्वतःच्या भाटासाठी कागद लागत नाही. नोकरी हवी असेल तर कृषी कौशल्य परिषदेचा माळीकामाचा कोर्स बघा. पदवीच हवी तर केपे तालुक्यात सुळकर्णेला डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय आहे, २०१५ पासून, गोवा विद्यापीठाशी संलग्न, पण ते चार वर्षं पूर्णवेळ आणि बारावी सायन्सवर, आपल्या वयात कठीणच. आणि कोणी घरबसल्या बीएस्सी ॲग्री किंवा हॉर्टिकल्चर देतो म्हणाला तर सावध, यूजीसीच्या नियमांत ह्या विषयांची पदवी दूरशिक्षणाने द्यायला परवानगी नाही. डिप्लोमा, सर्टिफिकेट वेगळं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे असे कोर्स मराठीतून असतात पण केंद्रं महाराष्ट्रात, म्हणजे प्रॅक्टिकलला पत्रादेवीची हद्द ओलांडायची तयारी ठेवा.

आता समजा पैसे भरून झाले आणि कोर्स कोरडा निघाला, तर? भांडून पैसे परत मिळतील ही आशा मी सोडली होती. त्याऐवजी शिक्षकाला विचारा की पावसातल्या बॅचला एक दिवस येऊन बसू का, बरेचजण हो म्हणतात. नाहीतर घरीच हात बसवा. जूनमध्ये घोटांचं (रायवळ आंब्यांचं) सासव खाऊन झालं की बाठे फेकू नका, ओळीने मातीत पुरा, उगवून दहा-पंधरा दिवस झाले, पानं तांबूस असली की तीच रोपं कोय कलमाला खुंट (काडी जोडायचं खालचं रोप) म्हणून चालतात. कलमकाडीची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून कापायची म्हणजे डोळे फुगतात, हे मला त्या स्लाईडवर कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यामुळे माझी पहिली बाराच्या बारा कलमं गेली. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे, पट्टी घट्ट, वर पाणी ठिबकू द्यायचं नाही. दुसऱ्या वर्षी वीसमधली सात जगली. सासूबाईंना कमी वाटली, पण मानकुरादची आहेत, सातही पडवीत ओळीने लावून ठेवलीयत आणि रोज सकाळी त्याच मोजतात.