दोन पट्ट्या आणि डेसिबॅन: ट्युरिंगची ट्रिक घरी कशी करायची

कोडब्रेकिंग म्हटलं की लोकांना गरागरा फिरणाऱ्या चाकांचं मशीन आठवतं, पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या गुप्त कोडब्रेकिंग केंद्रात, गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या हट ८ विभागात, जर्मन नौदलाच्या एनिग्मावर (चाकांवर चालणारं, मेसेज कोडमध्ये बदलणारं मशीन) जे डोकं चाललं त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग साध्या कागदाचा आहे. बॅनबरिस्मस म्हणायचे त्याला, कारण लांबलचक कागद बॅनबरी गावात छापून यायचे. प्रत्येक अक्षराच्या जागी भोक पाडायचं, दोन मेसेजचे कागद एकावर एक सरकवायचे आणि आरपार दिसणारी भोकं मोजायची, बस. हट ८ मधल्या गणितज्ञ जोन क्लार्क यात एकदम तरबेज होत्या. आपण भोकं पाडत बसायला नको, गणिताची चौकटीची वही, एक मित्र आणि रिकामी दुपार पुरते.

आधी मित्राचं काम. त्याने स्प्रेडशीटमध्ये ० ते २५ मधले २२० रँडम आकडे काढायचे, ही झाली किल्ली. मग दोन वेगळ्या इंग्रजी बातम्यांमधून २१०-२१० अक्षरं घ्यायची, स्पेस, कॉमा, आकडे सगळं काढून (मी पहिल्यांदा एका पट्टीत स्पेस तशाच ठेवल्या आणि अख्खी दुपार पाण्यात). पहिल्या बातमीचं पहिलं अक्षर किल्लीच्या पहिल्या आकड्याइतकं पुढे न्यायचं, दुसरं दुसऱ्याइतकं, असं शेवटपर्यंत: ए ला ३ म्हणजे डी, झेड संपला की परत ए. दुसऱ्या बातमीला मात्र १ ते ९ मधला कुठलातरी आकडा मनात धरून किल्लीची तेवढी घरं सोडून सुरुवात करायची, आणि किती सोडली ते तुम्हाला अजिबात सांगायचं नाही, तेच तर तुम्हाला शोधायचंय.

आता तुम्ही. दोन्ही मेसेज चौकटीत एकेक अक्षर असे लांब पट्ट्यांवर उतरवा, एकाखाली एक ठेवा, खालची पट्टी एक घर उजवीकडे सरकवा आणि वरखाली सेम अक्षर किती ठिकाणी येतंय ते मोजा. मग दोन घरं, तीन घरं, नऊपर्यंत.

पट्टी चुकीच्या जागी असेल तर अक्षरं नुसती योगायोगाने जुळतात, २६ मध्ये १ वेळा. पण बरोबर जागी दोन्ही ओळींवर किल्लीचा तोच आकडा बसलेला असतो, त्यामुळे मूळ अक्षरं सारखी असली की कोडमध्येही सारखीच दिसतात, आणि इंग्रजीत ई, टी वगैरे सतत येत असल्यामुळे जुळणी साधारण १५ मध्ये १ होते. फरक फार नाही, म्हणूनच मार्क द्यायचे. प्रत्येक जुळणीला अधिक २.४, न जुळणाऱ्या प्रत्येक घराला उणे ०.१३. हे मार्क म्हणजे ट्युरिंगचे डेसिबॅन, १० डेसिबॅन झाले की शक्यतेचं पारडं दहापट झुकलं. हे लॉगरिदम आहेत, त्यामुळे गुणाकार करत बसायचं नाही, नुसती बेरीज.

समजा २०० घरांत १४ जुळल्या. ३३.६ वजा २४.२, म्हणजे ९.४. भारी वाटतं ना? थांबा. नऊ जागांपैकी एकच खरी, म्हणजे कुठल्याही जागेची सुरुवातच ८ ला १ अशी विरोधात, उणे ९ डेसिबॅन. दोन्ही मिळून आलं जेमतेम ०.४, नाणं उडवल्यासारखंच. मग बाकीच्या आठ जागांचे मार्क बघायचे, तिथे ८-८ जुळण्या होऊन उणे ५.८ येत असेल तर ही जागा पुढे जाते. आणि सलग तीन अक्षरं जुळलेली दिसली तर ती सुट्या तीन जुळण्यांपेक्षा कितीतरी वजनदार, तिथे पेन्सिलीने गोल करून ठेवा.

हट ८ ला यातून एनिग्मातली शेवटची आणि मधली चाकं कुठली असावीत याचा अंदाज यायचा आणि ८ चाकांतून ३ लावायचे जे ३३६ प्रकार, ते सगळे बॉम्ब नावाच्या, एनिग्माची जुळणी शोधणाऱ्या मशीनवर तपासायची वेळ यायची नाही. १९४३ मध्ये मशीन भरपूर झाली तेव्हा हे काम थांबलं.

याचा एआयशीही संबंध आहे: साधा स्पॅम फिल्टर हेच करतो, एकेका शब्दाला मार्क, मग बेरीज. हट ८ मध्ये ट्युरिंगच्या हाताखाली हेच मार्क मोजणारे जॅक गुड पुढे पुराव्याचं वजन कसं करायचं यावर लिहीत राहिले आणि १९६५ मध्ये त्यांनी माणसापेक्षा हुशार मशीनबद्दल लिहिलं. ब्लेचलीतलेच डोनाल्ड मिची यांनी तर काडेपेट्यांना फुली-गोळा शिकवला, ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी, जिंकलं की मणी वाढवायचे, हरलं की काढून घ्यायचे.

उत्तर ठरलं की मित्राला विचारा. चुकलं तर बहुतेक २१० अक्षरं कमी पडली असतील, ४०० घ्या, किल्लीही तेवढी वाढवा आणि परत सरकवा.