माघ-फाल्गुनात धरणावर गळ टाकताय? या चुका टाळा

संक्रांत ते महाशिवरात्र हा गळवाल्यांच्या चिडचिडीचा काळ. दिवाळीच्या सुमाराला ज्या जागेवर बसल्या बसल्या रोहू लागत होता, तिथे आता दुपार होते तरी बूच हलत नाही. मग काठावर चर्चा सुरू होते. जाळीवाल्यांनी धरण धुऊन नेलं, पाणी खराब झालं, अमावास्या जवळ आली. यातलं एखादं कारण कधीमधी खरं असेलही. पण बहुतेक वेळा मासा धरणातच असतो आणि आपण दिवाळीच्या जागेवर, दिवाळीच्या वेळेला, दिवाळीएवढा कणकेचा गोळा लावून बसलेलो असतो. उजनी असो, पवना असो की पानशेत, या दिवसांत पाण्याची ऊब आणि पाण्याची पातळी या दोन गोष्टी बदलतात. बाकी सगळं त्यांच्या मागून येतं.

पहाटे पाचला काठावर पोचणं

उन्हाळ्यात पहाट सोन्याची असते, माघात नसते. रोहू, कटला, मृगळ हे उबेचे मासे. पाणी २५ ते ३० अंशांच्या मध्ये असलं की ते भरपूर खातात, वाढतात. २० च्या खाली गेलं की त्यांचं पचन मंदावतं, भूक कमी होते आणि हालचालही. चिलापी तर मूळची आफ्रिकेची. तिला थंडी आणखी कमी सोसते. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तेवढा थंड पाण्यातही बऱ्यापैकी चरत राहतो. म्हणून या काळात पहिली खेच त्याची आली तर नवल नाही.

रात्रभरात सगळ्यात जास्त निवतं ते काठचं उथळ पाणी. म्हणजे पहाटे आपण गळ टाकतो तो नेमका धरणातल्या सगळ्यात गार पट्ट्यात. तेच पाणी सकाळी दहा-साडेदहानंतर ऊन लागून झपाट्याने तापतं, आणि दुपारपर्यंत उथळ खाडीतलं पाणी मधल्या खोल पाण्यापेक्षा चांगलं दोन-तीन अंशांनी कोमट होऊ शकतं. मासे तेव्हा कडेला येतात. साधारण अकरा ते चार ही या दिवसांतली खरी वेळ. घरून आरामात न्याहारी करून निघालात तरी चालेल. पहाटे उठण्याला आपल्याकडे उगाच पुण्य चिकटलेलं आहे, मासे ते मानत नाहीत.

अपवाद एकच, रात्रभर आभाळ असेल तर. जानेवारी-फेब्रुवारीत मधूनच ढग येतात, दोन-तीन रात्री उकडल्यासारखं होतं. ढगांमुळे पाण्याची ऊब रात्री उडून जात नाही, आणि मग सकाळही कामाची ठरते. उलट आभाळ निवळून एकदम कडाका पडला, तर त्यानंतरचे एक-दोन दिवस घरी बसून रीळ साफ केलेलं बरं.

दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर या सगळ्या अंदाजांपेक्षा भरवशाचा. काठावर एकदा बुडवा, पाच-सहा फुटांवर एकदा. फरक कळला की कुठे बसायचं हेही कळतं.

वर तोंड काढणारे मासे बघून खूश होणं

उजनीसारख्या हिरवट पाण्याच्या धरणावर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. नवखा माणूस म्हणतो, वा, मासा वर आलाय, चरतोय. तो चरत नसतो, त्याला श्वास पुरत नसतो. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तेही माशांसारखाच तो वापरतं. त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. अशा वेळी माशाच्या नाकापुढे काहीही धरा, तो तोंड लावणार नाही. ऊन चढेपर्यंत थांबा, नाहीतर वारा लागतो अशा, लाटा आपटणाऱ्या काठाला जा. तिथे पाण्यात हवा मिसळत असते.

परदेशी व्हिडिओ बघून खोल पाण्यात गळ टाकणं

ही चूक अलीकडे फार वाढली आहे. अमेरिकेतला किंवा युरोपातला कोणी सांगतो की थंडीत मासा तळाशी, सगळ्यात खोल पाण्यात जातो. त्याच्या तळ्यासाठी ते बरोबर आहे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. जिथे वर बर्फ धरतो तिथे वरचं पाणी शून्याजवळ आणि तळाचं ४ अंशांच्या आसपास, म्हणजे तळच त्यातल्या त्यात उबदार. आपल्या धरणांत पाणी ४ अंशांच्या जवळपासही जात नाही. आपल्याकडे गार पाणी जड, म्हणून ते खाली. कोमट पाणी हलकं, म्हणून ते वर. ऐन थंडीत रात्रीच्या गारव्याने वरचं-खालचं पाणी ढवळून बरंचसं सारखं होतं, पण शिवरात्रीकडे दिवस वाढू लागले की वरचा थर पुन्हा वेगळा, उबदार व्हायला लागतो. तेव्हा चाळीस फुटांवर शिसं सोडून बसण्यात काही अर्थ नाही. कटला तर तसाही वरच्या थरातलं तरंगतं बारीक खाद्य गाळून खाणारा मासा. त्याला तळात शोधायचंच कशाला?

वाऱ्याचंही इथेच सांगतो. बरेच जण वारा चुकवायला आडोशाच्या काठाला बसतात. पाठीला बरं वाटतं, पण दुपारचा वारा वरचं तापलेलं पाणी आणि त्यातलं बारीक खाद्य समोरच्या काठाकडे ढकलत असतो. तोंडावर वारा घेत बसायची तयारी ठेवा. फक्त जलपर्णी असलेल्या धरणावर तोच वारा सगळी जलपर्णीही तिथेच आणून लावतो, तेव्हा जाऊन बघितल्याशिवाय बस्तान मांडू नका.

पाणी उतरलंय हे लक्षातच न घेणं

माझ्या मते सगळ्यात जास्त दिवस यानेच वाया जातात. रब्बीची आवर्तनं सुटलेली असतात, कालवा धो धो वाहत असतो, काठावर शेकडो मोटारी पाणी उपसत असतात. भीमेवरच्या उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पेपरात रोज येणारी टक्केवारी असते ती उरलेल्या उपयुक्त साठ्याची. भीमेचं खोरं सपाट असल्यामुळे पातळी फूटभर उतरली तरी पाण्याची कड कितीतरी मागे सरकते. दिवाळीत जिथे कमरेएवढं पाणी होतं तिथे आता गाळपेर जमिनीत हरभरा उभा असतो.

पाणी उतरू लागलं की मोठा मासा सपाट उथळ भाग सोडतो आणि नदीच्या जुन्या पात्राच्या कडेला, ओढ्यांच्या बुडालेल्या तोंडांशी सरकतो. दुपारी तो तिथूनच जवळच्या उथळ पाण्यात ऊन खायला येतो आणि संध्याकाळी परत खाली जातो. म्हणून ज्या उथळ जागेला लागूनच उतार आहे, ती जागा हवी. नुसता अर्धा मैल गुडघाभर पाण्याचा पसारा असेल तर तिथे बगळे असतील, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतील, तुमचा रोहू नसेल.

हे पात्र शोधायचं कसं? उपग्रहाच्या नकाशांवर जुनी छायाचित्रं बघता येतात. दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यातलं चित्र काढा. नदीचं पात्र, बुडालेले रस्ते, जुन्या गावांच्या भिंती, विहिरी, सगळं उघडं दिसतं. त्यावर आजची कड ताडून पाहिली की बसायच्या दोन-तीन जागा घरीच ठरतात. गळ कुठल्या बाभळीच्या खोडात आणि कुठल्या पडक्या भिंतीत अडकणार आहे हेही कळतं. धरण उतरत असताना सकाळी काठाला एक काटकी खोचून ठेवा. दुपारी पाणी तिच्यापासून किती मागे गेलं ते बघा. भराभर उतरत असेल तर मासा बुजलेला असतो, तेव्हा जास्त खोल कडेला टाका. स्थिर असेल तर उथळात.

दिवाळीएवढा गोळा, दिवाळीएवढा हिसका

मंद पचनाच्या माशाला पुढ्यात पोतंभर कोंडा आणि पेंड नको असते. चाऱ्याचा मारा केला तर तो दोन घास खाऊन तृप्त होतो आणि तुमचा गळ तसाच राहतो. मूठभर टाका, अर्ध्या तासाने पुन्हा मूठभर. शेंगदाण्याची पेंड भाजून घेतली तर वास चांगला सुटतो, पण तेलकट भर घालू नका. गार पाण्यात तेलाचा वास पसरत नाही आणि कणकेचा गोळा दगडासारखा होतो. या दिवसांत कणीक नेहमीपेक्षा सैल मळावी. गोळा बोराएवढा नको, हरभऱ्याएवढा बास. गळही त्याच मापाने बारीक. गांडूळ असेल तर अख्खं न लावता तुकडा लावा.

पावसाळ्याचा गाळ एव्हाना खाली बसलेला असतो. पवना, पानशेतसारख्या सह्याद्रीच्या कुशीतल्या धरणांत तर तळाचे गोटे दिसतात. एवढ्या नितळ पाण्यात जाड तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) माशाला दिसतो. पाव मिलिमीटरच्या आसपासचा बारीक तंगूस घ्या, रिळाचा ड्रॅग (दोरी सुटण्याचा ताण) सैल ठेवा, आणि लाल टीशर्ट घालून पाण्याच्या अगदी कडेला उभे राहू नका. आपली सावली पाण्यावर पडली तरी मासा मागे सरतो.

थंडीतली खेच जोरदार नसते. बूच बुडत नाही, नुसतं तिरकं होतं, किंवा हळूच चार बोटं सरकतं. मोठं बूच लावलं असेल तर हे दिसतच नाही. दिसलं की जोराचा हिसका न देता काठी नुसती उचलायची. कार्पची ओठं मऊ असतात, फाटतात.

काठावरच्या चिखलाला जमीन समजणं

बाकी चुकांनी दिवस जातो, या चुकीने जीव जाऊ शकतो. उतरलेल्या धरणाचा काठ वरून वाळून भेगाळलेला दिसतो आणि खाली मांडीएवढा गाळ असतो. एकट्याने पुढे जाऊ नका, काठीने टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि रुतलात तर धडपड न करता मागे आडवे व्हा. दुसरं, शेतीच्या मोटारींच्या केबली काठावर, कधीकधी पाण्यातही पडलेल्या असतात, आणि वरून विजेच्या तारा लोंबत असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तारेखाली काठी उभी धरून चालणं म्हणजे संकटाला आवतण. पवई तलावावर जाणाऱ्यांनी मगरी विसरू नयेत. थंडीत त्याही आपल्यासारख्याच दुपारच्या उन्हाला काठावर येतात.

परवानगी न विचारता बसणं

राज्यातल्या बऱ्याच धरणांवर मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं, मासा त्यांच्या पोटापाण्याचा असतो. संस्थेच्या माणसाला भेटून, काय असेल ती पावती फाडून बसा; वादही होत नाही आणि पाणी कुठे किती आहे याची खरी माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नसते. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय काठावर उतरूच नका.

सगळंच ठेवणं किंवा सगळंच सोडणं

जानेवारी ते मार्च हा सायप्रिनसच्या विणीचा मुख्य हंगाम. दुपारी पाणवनस्पतींच्या कडेला पाणी घुसळल्यासारखं दिसलं तर ती त्यांचीच धावपळ असते. पोट फुगलेली मादी आली तर सोडून द्यावी असं मला वाटतं, जरी हा मासा बाहेरून आणलेला असला तरी. संस्थांची कमाई त्यावरही चालते. महाशीर आला तर विचारही करू नका, ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांनी कित्येक वर्षं महाशीराची पैदास केली, तिथली पिल्लं धरणांत आणि नद्यांत सोडली गेली, ती खाण्यासाठी नव्हेत.

परदेशी मांगूर मात्र परत पाण्यात टाकायचा नाही. त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तो जे दिसेल ते खातो, आणि काठावर फेकून दिला तरी ओलाव्यात बराच वेळ तग धरून सरपटत पाण्यात परततो. अंगावर खरखरीत कवच असलेला सकर मासाही तसाच. दोन्ही लागले तर मारून, पाण्यापासून लांब खड्ड्यात पुरा आणि संस्थेच्या माणसाला सांगा.