प्रवाळ लावणारी संस्था आणि प्रवाळ जगवणारी संस्था: फरक कसा ओळखायचा

प्रवाळभित्ती वाचवणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची किंवा सुट्टीचे चार दिवस तिच्यासोबत पाण्यात घालवायचे असं ठरवलं, की पहिली नजर जाते ती "आजवर किती प्रवाळ लावले" या आकड्यावर. नेमका हाच आकडा सगळ्यात कमी सांगतो. जिवंत प्रवाळाचा तोडलेला तुकडा खडकावर चिकटवणं दहा मिनिटांचं काम आहे, तो दोन वर्षं जगवणं हे खरं काम. म्हणून विचारायचं असतं ते वेगळंच: इथला प्रवाळ मेला कशाने, ते कारण थांबलं का, आणि लावलेल्यातलं आज जिवंत किती?

आधी संस्थेचं काम ओळखा

सगळ्याच संस्था लागवड करत नाहीत आणि करूही नये. १९९६ साली सुरू झालेली रीफ चेक आणि क्वीन्सलँड विद्यापीठाची कोरलवॉच या मोजणी करणाऱ्या संस्था. स्वयंसेवकांना शिकवून भित्तीची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. जगभरच्या नोंदी एकत्र करण्याचं काम जागतिक प्रवाळभित्ती निरीक्षण जाळं करतं. २००९ ते २०१८ या काळात जगातला सुमारे १४ टक्के प्रवाळ गेला, हा आकडा त्यांचाच. कोरल रीफ अलायन्ससारख्या संस्था सांडपाणी आणि मासेमारी यांच्या मागे लागतात. रीफ-वर्ल्ड फाउंडेशन संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाबरोबर 'ग्रीन फिन्स' चालवते. त्यात डायव्हिंगच्या व्यावसायिकांना १५ कलमी आचारसंहिता पाळावी लागते आणि त्यांची तपासणी होते. लागवडीत फ्लोरिडाची कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन, बेलीझची फ्रॅगमेंट्स ऑफ होप आणि इंडोनेशियात मार्स कंपनीचा कार्यक्रम ही ठळक नावं. सेकोर इंटरनॅशनल तुकडे न तोडता प्रवाळाची अंडी-शुक्राणू गोळा करून पिल्लं वाढवते.

तुमच्याकडे पोहण्याचं कौशल्य नसेल, फक्त पैसे असतील, तर सांडपाणी आणि नांगर-बोये यांवर काम करणाऱ्यांकडे आधी बघा. बोटींना बांधायला पक्के तरंगते बोये असले की नांगर भित्तीवर पडत नाही. फोटोत ते काहीच दिसत नाही, पण उपयोग मोठा.

मरणाचं कारण विचारा

इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या स्पर्माँडे बेटांभोवती स्फोटकांनी मासेमारी झाली आणि भित्तीचा चुरा झाला. चुऱ्यावर नवी पिल्लं बसतात, पण लाटेबरोबर चुरा लोळतो आणि ती चिरडली जातात. अशा जागी मार्सचे 'रीफ स्टार' उपयोगी पडतात: वाळूचा थर दिलेले सहा कोनांचे पोलादी सांगाडे, एकमेकांना जोडून चुऱ्यावर अंथरलेले, एकेकावर साधारण १५ तुकडे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार चार वर्षांत तिथल्या भित्तीची वाढ शेजारच्या निरोगी भित्तीच्या बरोबरीला आली. मात्र तिथे फांद्यांचे प्रवाळच जास्त आहेत, म्हणजे जुनी भित्ती जशीच्या तशी परतलेली नाही. स्फोट थांबलेले होते आणि पाणी चांगलं होतं, म्हणून हे जमलं.

याउलट किनाऱ्यावरून मैलापाणी येत असेल, तर त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ फोफावतं आणि शेवाळ तुकड्यावर चढतं. तिथे लागवड म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. संस्थेने "आधी सांडपाण्याचं बघतोय, लागवड नंतर" असं सांगितलं, तर नाराज होऊ नका, खूश व्हा.

उष्णतेचं कारण कुणा एका संस्थेच्या हातात नाही. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडात समुद्र इतका तापला की सोम्ब्रेरो भित्तीवरचा सगळा प्रवाळ मेल्याचं कोरल रिस्टोरेशन फाउंडेशनने स्वतःच जाहीर केलं, आणि अनेक संस्थांनी पाण्याखालच्या रोपवाटिकांतले तुकडे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत नेले. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन (उष्णतेने प्रवाळाच्या आतलं सूक्ष्म शैवाल निघून जाऊन तो पांढरा पडणं) जाहीर झालं. म्हणून विचारा: मागच्या उष्म्यात तुमचं काय गेलं आणि तेव्हा तुम्ही काय केलं? स्वतःचं नुकसान छापणारी संस्था भरवशाची.

आकडा कसा वाचायचा

समजा अहवालात लिहिलंय: १०,००० तुकडे लावले, ८० टक्के जगले. लगेच चार गोष्टी बघा. मोजणी किती महिन्यांनी झाली? प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पांचा २०२० मधला आढावा सांगतो की सरासरी ६० ते ७० टक्के तुकडे जगल्याची नोंद होते, पण निम्म्याहून जास्त प्रकल्पांनी दीड वर्षही लक्ष ठेवलेलं नव्हतं. दुसरं, टक्केवारी कितींतून काढली? सगळे १०,००० मोजले की चांगल्या जागेवरचे खुणेचे ५००? तिसरं, 'जिवंत' कशाला म्हटलं? अर्धा मेलेला तुकडाही पुष्कळदा जिवंत गणला जातो. चौथं, दोन-तीन वर्षांनी शेजारचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि काही तुटून दुसरीकडे रुजतात, तेव्हा नग मोजण्याला अर्थच उरत नाही. जाणकार संस्था मग शेकडो फोटो जोडून तळाचा नकाशा करते आणि किती टक्के जागा जिवंत प्रवाळाने व्यापली ते देते. तीन वर्षांनंतरही कुणी नगच सांगत असेल, तर तो बहुधा लावलेल्यांचा आकडा असतो.

आणखी एक प्रश्न पुष्कळ जण विसरतात: मूळ वसाहती, म्हणजे ज्यांच्यापासून तुकडे तोडले ते प्रवाळ, किती? एका वसाहतीपासून तोडलेले हजार तुकडे म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच प्रवाळ. एक रोग आला की सगळे एकदम जातात, आणि शाखायुक्त अ‍ॅक्रोपोरा प्रवाळांत स्वतःच्याच शुक्राणूंनी फलन जवळजवळ होत नाही, त्यामुळे पुढची पिढीही नाही. प्रत्येक मूळ वसाहतीला क्रमांक देऊन वेगळी दोरी ठेवणारी रोपवाटिका बघितली की काम समजून केलेलं आहे हे कळतं.

पाण्याखाली गेलात तर काय बघाल

लटकत्या रोपवाटिकेचं 'झाड' म्हणजे तळाला बांधलेला प्लास्टिक पाइप, वर तरंगता गोळा आणि आडव्या फांद्यांना नायलॉनच्या तारेने टांगलेले ६० ते १०० तुकडे. टांगल्यामुळे चारी बाजूंनी पाणी फिरतं, गाळ साचत नाही, प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायींना चढायला वाट राहत नाही. पण तारेवर आणि पाइपवर शेवाळ आणि हायड्रॉइड नावाचे बारीक, केसांसारखे जीव चढतातच आणि ते ब्रशने सतत काढावे लागतात. झाड केसाळ दिसलं, तर समजा की लागवडीला पैसा आहे आणि देखभालीला नाही. स्वयंसेवकाला पहिलं काम घासण्याचं मिळालं तर अपमान वाटून घेऊ नका. पहिल्याच दिवशी नवख्याच्या हातात तुकडा देणाऱ्यांपेक्षा हे लोक बरे.

खडकावर लावताना जागा आधी तारेच्या ब्रशने उघड्या दगडापर्यंत घासायची. शेवाळावर किंवा गाळावर इपॉक्सी हा चिकटवायचा गोंद धरत नाही. चिकटवल्यावर तुकड्याजवळ हाताच्या पंजाने पाणी हलवायचं. तुकडा जरासुद्धा डुगडुगला, तर काढून पुन्हा लावायचा, कारण हलणाऱ्या तुकड्याची कातडी दगडावर घासून मरते आणि तळाला पकड बसतच नाही.

वर्षातल्या सर्वांत गरम महिन्यांत लागवड किंवा तुकडे तोडणं चालू असेल तर शंका घ्या. अमेरिकेच्या नोआ या सरकारी सागर-हवामान संस्थेचे उष्णताताणाचे नकाशे सगळ्यांना फुकट बघता येतात. जायच्या आधी ते उघडा. त्यातले अंश-आठवडे, म्हणजे पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा किती अंशांनी आणि किती आठवडे गरम राहिलं याचा एकत्रित आकडा, ४ झाले की विरंजन अपेक्षित, ८ झाले की मोठ्या प्रमाणावर मरण. ४ च्या पुढे गेलेल्या जागी लागवडीची सहल विकणारा आयोजक टाळा.

मोजणीत हात लावायचा असेल तर

सर्वांत सोपी सुरुवात कोरलवॉचच्या रंगपट्टीने होते. पट्टीवर बी, सी, डी, ई या चार छटा आणि प्रत्येकीच्या १ ते ६ पायऱ्या असतात, १ सगळ्यात फिकी. दर खेपेला ठरावीक वेळा पाय मारा, उदाहरणार्थ पाच वेळा, आणि जवळात जवळ येईल तो प्रवाळ घ्या. सुंदर दिसला म्हणून निवडायचा नाही. त्याचा सगळ्यात फिका भाग शोधा, पट्टी शेजारी धरा, न टेकवता, आणि खूण लिहा, उदाहरणार्थ डी२. मग सगळ्यात गडद भाग, डी५. प्रवाळाचा प्रकारही लिहा: फांदीचा, गोलाकार, ताटासारखा की मऊ. फांद्यांची वाढती टोकं मुळातच फिकी असतात, ती वगळा. नवखे तीच टोकं टिपतात आणि निरोगी भित्ती कागदावर आजारी दिसते. असे किमान २० प्रवाळ. पुढच्या खेपेला रंग दोन किंवा जास्त पायऱ्यांनी उतरला असेल, तर आतलं शैवाल कमी झालं असं समजतात.

रीफ चेकची पद्धत जड आहे आणि तिला प्रशिक्षण लागतं. १०० मीटरची टेप, तिच्यावर २० मीटरचे चार पट्टे, मध्ये ५ मीटर सोडून. टेप अंथरल्यावर बिचकलेले मासे परत येईपर्यंत १५ मिनिटं थांबायचं, मग मासे मोजायचे. तळाची नोंद दर अर्ध्या मीटरला, म्हणजे एकूण १६० बिंदू, आणि तीही टेपवरून ओळंबा खाली सोडून. त्याचं टोक जिथे टेकेल तेच लिहायचं. ओळंबा नसला की डोळा आपोआप जवळच्या प्रवाळाकडे वळतो आणि टक्केवारी फुगते.

पैसे देताना

देणगीबरोबर एक ओळ लिहा: ही रक्कम लागवडीनंतरच्या देखरेखीसाठी वापरावी, आणि २४ महिन्यांनंतरची मोजणी पाठवावी. संस्था टायर किंवा प्लास्टिकचे सांगाडे वापरणार असेल तर ते पुढे कोण काढणार, हेही विचारा. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ऑस्बोर्न या कृत्रिम भित्तीसाठी १९७० च्या दशकात सुमारे २० लाख टायर टाकले गेले. बांधण्या तुटल्या, टायर सुटून शेजारच्या खऱ्या प्रवाळावर आदळू लागले, आणि ते बाहेर काढण्याचं काम अनेक वर्षं चाललं.

पत्राला उत्तर म्हणून नुसते रंगीत फोटो आले, तर एकदाच आठवण करून द्या. दुसऱ्यांदाही फोटोच आले, तर पुढच्या वर्षी ते पैसे बोये बसवणाऱ्या संस्थेला द्या.