शिप सेलिंगला असताना प्रवास आणि बाळाचं प्लॅनिंग: नेव्ही नगरला नवीन आलेल्यांसाठी

लग्न होऊन नेव्ही नगरला, म्हणजे कुलाब्याच्या नेव्हीच्या वसाहतीत, नवीन आलेल्या मुली खाली बागेत भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई, यांचं सेलिंग कधी आणि किती दिवसांचं तेच कळत नाही, मग आम्ही गावाला जायचं कधी, तिकीट काढायचं कधी. आणि मग जरा ओळख झाली की हळू आवाजात दुसरा, बाळाचं कसं करायचं. दोन्हीची उत्तरं तुकड्यातुकड्यात सांगत असते म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. माझा नवरा सेलर, बरीचशी नोकरी शिपवरच, सासर राजापूरकडचं, माहेर डोंबिवली, मी स्वतः लोअर परळला अकाउंट्समध्ये. म्हणजे जे लिहितेय ते मुंबईत राहून नोकरी करणाऱ्या बाईच्या बाजूने आहे हे लक्षात घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. कुठलंही ठरवताना नवरा घरी असेल असं धरून चालायचं नाही. तो नसला तरी काम होईल असं ठरवायचं, आणि तो असला तर त्याहून आनंदाचं काय. हे ऐकायला कोरडं वाटतं, मला माहितीये, पण असं ठरवलं की त्याच्यावरचा राग कमी होतो, कारण तारीख त्याच्या हातात नसतेच. आपली जहाजं एडनच्या आखातात २००८ पासून चाचेगिरीविरोधात गस्त घालतायत, आखाती भागात २०१९ पासून व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी ऑपरेशन संकल्प चालू आहे, ही झाली ठरलेली कामं. त्यावर २०२३ च्या डिसेंबरात अरबी समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले झाले तेव्हा एकामागोमाग एक शिप बाहेर पाठवल्या गेल्या, २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी काय परिस्थिती होती ते तर सगळ्यांनी पाहिलं. अशा वेळी आपलं लग्नाचं आमंत्रण, बारसं, डॉक्टरची अपॉइंटमेंट हे कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. कागदावर ॲन्युअल लीव्ह वर्षाला ६० दिवस, वर कॅज्युअल लीव्ह वेगळी, पण ती कधी मिळेल हे शिपच्या प्रोग्रॅमवर.

पण म्हणून काहीच अंदाज येत नाही असंही नाही. तारीख कळत नसली तरी शिपचा साधारण काळ कळतो. शिप रिफिटमध्ये गेली, म्हणजे डॉकयार्डात दुरुस्तीला लागली, की नवरा ड्यूटी सोडली तर संध्याकाळी घरी असतो, आणि मोठं रिफिट कित्येक महिने चालतं. शोअर पोस्टिंग, म्हणजे किनाऱ्यावरची नेमणूक असेल तर अजून निवांत. दुसऱ्या बाजूने ४ डिसेंबर नेव्ही डे, त्याच्या आधीचे आठवडे तयारीत जातात, त्या वेळी सुट्टीच्या भरवशावर घरचं काही कार्य ठेवू नका. तेव्हा नवऱ्याला तारीख विचारत बसू नका, एवढंच विचारा की पुढच्या वर्षाचा कुठला भाग हलका दिसतोय. तेवढं तो सांगू शकतो. आणि जे सांगेल ते आपल्यापुरतं ठेवा, शिप कधी निघणार, कुठे जाणार, कधी परतणार हे फॅमिली ग्रुपवर, स्टेटसवर, अगदी सासूबाईंना फोनवर मोठ्याने सुद्धा नाही. सासूबाईंना वाईट वाटतं, पण "आई, तो आला की लगेच फोन करेल" एवढंच सांगायचं, सवय होते त्यांनाही.

आता बाळाचं. इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही आणि त्यामुळे नवीन मुली आतल्या आत कुढतात. महिन्यातले गर्भ राहण्याची शक्यता असलेले दिवस जेमतेम सहा असतात, साधारण पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी अंडं बाहेर पडतं, त्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. आता शिप महिन्यातून आठ-दहा दिवस हार्बरला आणि त्यातही दर काही दिवसांनी रात्रीची ड्यूटी, म्हणजे ते दिवस आणि ही सुट्टी जुळणं हा नशिबाचा भाग झाला. त्यामुळे "दोन वर्षं झाली लग्नाला, अजून काही नाही" असं कुणी म्हणालं की आधी हिशोब करा की दोन वर्षांत तुम्ही दोघं त्या दिवसांत एकत्र होतात असे महिने किती. डॉक्टर साधारण एक वर्ष नियमित प्रयत्न करूनही झालं नाही तर तपासण्या सुरू करतात, बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनी. पण हे वर्ष एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं वर्ष आहे, कॅलेंडरचं नव्हे. मला एका खासगी क्लिनिकमध्ये लग्नाची तारीख विचारून थेट आयव्हीएफचं पॅकेज समोर ठेवलं होतं, नवरा कुठे असतो हे विचारलंसुद्धा नाही. मी तिथून उठले आणि पुढच्या डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या तारखा आणि नवरा घरी असल्याचे दिवस एका वहीत शेजारी शेजारी लिहून नेले. त्या मॅडमनी दोन मिनिटं वही बघितली आणि म्हणाल्या, अगं तुम्ही तर अजून चार-पाच महिनेसुद्धा प्रयत्न केलेला नाही. ती वही प्रत्येकीने ठेवा, मोबाईलच्या ॲपमध्ये ठेवली तरी चालेल पण नवऱ्याचे दिवस त्यात लिहू नका, ते कागदावरच बरे.

सेलिंगचे महिने वाया जाऊ देऊ नका हे माझं दुसरं सांगणं. तो नसताना आपल्या बाजूच्या सगळ्या तपासण्या उरकतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, दातांचं काही काम असेल तर ते. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का बघून घ्या, नसेल तर लस घ्यावी लागते आणि लसीनंतर एक महिना गर्भधारणा टाळायची असते, तो महिना सेलिंगमध्ये आपोआप जातो. फॉलिक ॲसिड किमान एक महिना आधीपासून सुरू करतात, रोज ४०० मायक्रोग्रॅम नेहमीचा डोस, पण काही त्रास किंवा फिट्सची औषधं वगैरे असतील तर डॉक्टर डोस बदलतात म्हणून विचारूनच घ्या. आणि तपासणीची वेळ आलीच तर नवऱ्याची तपासणी आधी करून टाका, कारण दुर्मीळ माणूस तो आहे. सीमेन टेस्टला दोन ते सात दिवसांचं अंतर पाळावं लागतं, म्हणजे शिप लागल्या लागल्या अपॉइंटमेंट हवी. इंजिन रूममध्ये काम करणारे असतील तर डॉक्टरांना तेही सांगा, उष्णतेचा परिणाम होऊ शकतो, आणि शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात त्यामुळे आज बदललेल्या सवयीचा फरक पुढच्या तपासणीत दिसतो, लगेच नाही. पुढे कधी आयव्हीएफ वगैरे करायचं ठरलंच तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे दोघांची लेखी संमती लागते, सह्या तो मुंबईत असतानाच.

डिलिव्हरीच्या वेळी नवरा हवा म्हणून महिने मोजून प्लॅनिंग करणाऱ्या मुली मी पाहिल्यात, आणि मला ते पटत नाही. नऊ महिन्यांनंतर शिप कुठे असेल हे आज कॅप्टनलाही माहीत नसतं. त्यापेक्षा आपली तब्येत, वय, नोकरी आणि हाताशी माणूस कोण आहे हे बघून ठरवा. डिलिव्हरीच्या दिवशी हात धरायला आई, बहीण, शेजारीण कोणीही चालते, नवऱ्याची खरी गरज नंतरच्या महिन्यांत असते, जागरणं सुरू झाल्यावर. पॅटर्निटी लीव्ह १५ दिवसांची असते, ती अगदी जन्माच्या दिवशीच घ्यायला हवी असं नाही, शिप परत आल्यावर घेता येईल का ते त्याला आधीच ऑफिसमधून विचारून ठेवायला सांगा.

बाळंतपण कुठे हा मोठा प्रश्न. कोकणातली माणसं म्हणतात गावाला ये, हवा चांगली, माणसं भरपूर. माणसं भरपूर हे खरंच आहे. पण कुलाब्यात नेव्हीचं अश्विनी हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, आपली नोंदणी, सोनोग्राफीचे रिपोर्ट सगळं तिथे आहे, आणि राजापूर-रत्नागिरीकडे मिलिटरी हॉस्पिटल नाही, तिथे प्रायव्हेटला गेलात तर खर्च आपला धरूनच जा. मी माणसंच इथे कुलाब्याला बोलावली. आई सातव्या महिन्यापासून आणि सासूबाई बाळ झाल्यावर, दोघी एकदम नको, कारण क्वार्टर लहान आणि मदत लांबपर्यंत पुरवायची असते. गरोदरपणातल्या दोन सोनोग्राफींच्या वेळा मात्र पक्क्या असतात, एक ११ ते १३ आठवड्यांची आणि एक साधारण १८ ते २० आठवड्यांची, त्या काळात गावाला जाणं किंवा पोर्टला भेटायला जाणं ठेवू नका. विमानाने जायचं असेल तर बहुतेक एअरलाइन ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात आणि ३६ नंतर घेत नाहीत, तिकीट काढण्याआधी त्यांचा नियम वाचा.

पोर्टला भेटायला जाणं हा आपल्या आयुष्यातला सगळ्यात गोड भाग आहे आणि सगळ्यात बेभरवशाचाही. शिप गोव्याला, कारवारला किंवा कोचीला दोन-तीन दिवस लागते आणि फोन येतो, येतेस का. कारवारला मत्स्यगंधा, कोचीला नेत्रावती, दोन्ही एलटीटीवरून, म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात आणि कोकण रेल्वेनेच जातात. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत गाडी भरलेली असते, मग तत्काळ. एसीचं आदल्या दिवशी सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, तेव्हा एका दिवसाच्या भेटीसाठी लहान मूल घेऊन धावू नका. गणपतीचं तिकीट मात्र मी बुकिंग उघडल्याच दिवशी काढते, दोघांचं, तो येवो न येवो. कारण कन्फर्म तिकीट गाडी सुटायच्या २४ तास आधीपर्यंत रिझर्व्हेशन काउंटरवर अर्ज देऊन घरच्या माणसाच्या नावावर करता येतं, आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं. त्याच्या बर्थवर माझा भाऊ आलाय गावाला, आणि सामान, बाळ, पाण्याच्या बाटल्या घेऊन एकटीने प्रवास करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही पण बर्थही मिळत नाही, हे लक्षात घेऊन लोअर बर्थ मागा. आणि जिथे जाल तिथल्या नेव्हल हॉस्पिटलचं नाव माहीत असू द्या, गोव्याला जीवंती, कारवारला पतंजली, कोचीला संजीवनी, आपलं डिपेंडंट कार्ड, म्हणजे कुटुंबाला मिळणारं ओळखपत्र, पर्समध्येच ठेवा.

शेवटी फाइल. सेलिंगच्या आदल्या रात्री आमच्याकडे हे जमिनीवर बसून सह्या करत असतात, एकीकडे किटबॅगमध्ये इस्त्रीचे पांढरे युनिफॉर्म, दुसरीकडे निळी प्लास्टिकची फाइल, आणि लेक शाईचा पॅड घेऊन आपलेही अंगठे उमटवत असते. त्या फाइलमध्ये काय असावं ते सांगते. मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सहीचं ॲनेक्शर डी नावाचं घोषणापत्र लागतं, नवरा समुद्रात असताना ते अडतं, म्हणून पासपोर्टचा विचार असेल तर सही आधी घ्या. बँकेचं जॉइंट खातं, आणि घर-फ्लॅटचं काही चालू असेल तर मुखत्यारपत्र वकिलाकडून नीट करून. लग्नाची आणि मुलाची नोंद सर्व्हिस रेकॉर्डला झालीय याचा कागद, ती झाल्याशिवाय बाळाचं कार्ड, हॉस्पिटल काहीच पुढे सरकत नाही. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, हॉस्पिटल कळवतंच पण आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग सर्व्हिस रेकॉर्डप्रमाणे आहे ना हे तुम्ही स्वतः बघा, नंतर दुरुस्तीला वॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या फार होतात. नाव ठरलं नसेल तर घाई नको, ते वर्षभरात फी न भरता टाकता येतं, म्हणजे बाबा परत आल्यावर बारसं करून.

आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात, किनाऱ्यावर कुणाला फोन केला की निरोप शिपपर्यंत पोचतो ते नाव आणि नंबर. समुद्रात मोबाईल लागत नाही, व्हॉट्सॲपवर एकच टिक दिवसेंदिवस तशीच राहते, ती बघत बसू नका. हा कागद आईला, शेजारणीलाही दाखवून ठेवा, कारण कळा सुरू झाल्यावर फोन तुम्ही करणार नाही, त्याच करणार आहेत.

नोकरी करणाऱ्यांसाठी एवढंच, पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, त्यातले ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, मात्र डिलिव्हरीच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. म्हणून बदली होऊन विझागहून किंवा कोचीहून मुंबईला आलात आणि नवी नोकरी धरताय तर हा हिशोब आधी करा. ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय द्यावी लागते, इंटरव्ह्यूत नाही पण ऑफर आल्यावर एचआरला जरूर विचारा. दुसऱ्या मुलाचं म्हणाल तर डॉक्टर पहिल्यानंतर किमान दोन वर्षांनी पुन्हा गर्भ राहावा असं सांगतात, आणि ते अंतर पाळायला गोळ्या की कॉपर टी हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, "हे तर घरी नसतातच" या भरवशावर राहू नका, शिप न सांगता लवकरही येते.