ग्वाल्हेरच्या हवेत अन्नपूर्णा कशी वाढवावी आणि वापरावी

भाताला बासमतीचा वास देणारी अन्नपूर्णा, म्हणजेच पंदन, केवड्याच्या कुळातली. हिरवीगार लांब पानं गोल पसरतात, त्यामुळे कुंडीत दिसतेही देखणी. कोकणातल्या दमट हवेत तिच्यासाठी फार काही करावं लागत नाही. ग्वाल्हेरात मात्र मे महिन्यातली लू आणि जानेवारीतली कडाक्याची थंडी, दोन्ही तिच्या जिवावर उठतात. इथे खताचा विचार मागाहून, आधी जागेचा.

लागवड पावसाळ्यात करा. हिला बिया मिळत नाहीत, रोप पिलांपासूनच होतं. बुंध्याशी फुटलेलं पाच-सहा पानांचं पिलू घ्या, खाली पांढरी मुळं दिसत असतील तर उत्तम. धारदार सुरीने कापून दहा-बारा इंची कुंडीत लावा. माती दोन भाग, शेणखत एक भाग, वाळू एक भाग. तळाचं भोक मोकळं हवं. मूळ धरेपर्यंत सावलीत ठेवा, नंतर सकाळचं कोवळं ऊन पुरे.

एप्रिल लागला की गच्चीवरून खाली आणा. शहरातल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर चौकाइतकी चांगली जागा नाही: भिंतींमुळे लू अडते आणि उजेडही मिळतो. फ्लॅटमध्ये पूर्वेची बाल्कनी निवडा, पश्चिमेची नकोच. कूलरच्या झोतात ठेवू नका. रोज पाणी द्या, कुंडीभोवतीची फरशी ओली करा. टोकं तपकिरी होऊन वाळली तर हवा कोरडी आहे असं समजा. तेवढी टोकं कातरा, घाबरून जास्त पाणी ओतू नका.

थंडीत खरी कसोटी. रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागलं की वाढ थांबते, दहिवराने तर झाडच जातं. दिवाळीनंतर घरात, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवा आणि होळीपर्यंत तिथेच राहू द्या. माती दोन बोटं खोल कोरडी झाली तरच पाणी, तेही कडेने. मधल्या पोंग्यात पाणी साचून राहिलं तर तो कुजतो. या दिवसांत खत बंद. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसून काढा.

रोप चांगलं भरलं की खालची जून पानं तोडायला लागा, पोंग्याला हात लावू नका. ताज्या पानाला नुसता वास घेतला तर फारसं काही कळत नाही. चुरगाळलं, शिजवलं की सुगंध सुटतो. बासमतीत असतो तोच सुगंधी घटक यातही आहे. वाटीभर तांदळाला एक पान धुऊन, गाठ मारून, आधणातच टाका आणि वाढताना काढून घ्या. ते चिवट असतं, खायचं नसतं. खीर, साखरभात, दुधातही चालतं. माझं मत विचाराल तर डबरा-भितरवारकडच्या काली मूँछ तांदळात हे घालू नये. त्याला स्वतःचा सुरेख वास असतो, तो झाकला जातो. साध्या तांदळाला मात्र जरूर घाला. जास्तीची पानं पुसून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर थंडीत नवी पानं येत नाहीत तेव्हा उपयोगी पडतात.