नाताळाचा कचरा कमी कसा करावा: गोठ्यापासून कुसवारपर्यंत

२६ डिसेंबरला सकाळी घंटागाडी दारात आल्यावर कचरा निवडायला बसलं, तर फारसं काही हाती लागत नाही. रस्सा लागलेला कागद, चकाकीची रिबन आणि मोडका थर्माकोल एकाच पिशवीत गेला की भंगारवालाही तिला हात लावत नाही. म्हणून सुरुवात आगमनकाळातच, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतच करावी. वसई, मुंबईतली गावठाणं आणि गोवा इथल्या घरांत नाताळ कसा होतो, ते डोळ्यांपुढे ठेवून या पायऱ्या दिल्या आहेत.

१. गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि तारा

सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तरी कुठे विकायला दिसला तर घेऊ नका. डोंगरासाठी खाकी कागद किंवा जुनी गोणी चुरगाळून वरून गेरू-मातीचं पाणी फिरवलं, की थर्माकोलपेक्षा खरा डोंगर दिसतो. छप्पर पेंढ्याचं करा.

हिरवळीसाठी आपली जुनी नाचणीच बरी. १४-१५ डिसेंबरच्या सुमारास मूठभर नाचणी रात्रभर भिजवा, पसरट ताटात मातीचा पातळ थर देऊन दाट पेरा आणि रोज पाणी शिंपडा. नाताळापर्यंत गोठ्यापुढे शेत उभं राहतं. प्लॅस्टिकच्या गवताच्या चटईला ही शोभा यायची नाही.

ताऱ्यासाठी दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या बांबूच्या काड्या वापरता येतात. नवा पतंगी कागद चिकटवला की काम झालं. झाडासाठी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून फांद्या तोडू नका. प्लॅस्टिकचं झाड घरात असेल तर तेच वर्षानुवर्षं वापरा, नसेल तर कुंडीतलं घ्या.

२. कुसवार (नाताळाचा फराळ) करताना

कचऱ्याचा खरा ढीग स्वयंपाकघरात साठतो, आणि भेटवस्तूंच्या कागदांवरच्या चर्चेत तो विसरला जातो.

दोदोल आणि बेबिंका या गोड पदार्थांसाठी नारळाचं दूध काढल्यावर उरलेला चोथा टाकू नका. मंद आचेवर कोरडा भाजून ठेवला तर सुक्या चटणीला चालतो. करवंट्या खतात लवकर कुजत नाहीत, त्या चुलीला किंवा पाणी तापवायच्या बंबाला द्या. बेबिंकाला पिवळे बलक भरपूर लागतात, तेव्हा पांढऱ्याचं काय करायचं ते आदल्या दिवशीच ठरवा. आमलेट होतं, केकमध्येही जातं.

नेवऱ्या आणि कलकल तळल्यावर उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, पाइपात चिकटून बसतं. गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळं पडलेलं असेल तर वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून कचऱ्यात द्या. सोरपोतेलची (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) चिंता नको, तो मुरल्यावरच रंगतो. मात्र दर वेळी लागेल तेवढाच बाहेर काढून चांगला उकळा. हाडं आणि मटणाचे तुकडे घरच्या खताच्या कुंडीत घालू नका, उंदीर येतात. ते पालिकेच्या ओल्या कचऱ्यात जाऊ द्या.

शेजारी कुसवार पाठवताना प्लॅस्टिकची ताटली आणि वर चिकटपट्टी हा प्रकार बंद करा. स्टीलचं ताट, वर विणलेला रुमाल. ताट परत येताना रिकामं येत नाही, हा आणखी एक फायदा!

३. भेटी बांधताना आणि सोडताना

कागद घेताना मुठीत चुरगाळून बघा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, पुन्हा उलगडला तर त्यात प्लॅस्टिकचा थर आहे. चकाकी लावलेला कागद रद्दीत चालत नाही, कारण ती चकाकी म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचेच कण. युरोपीय संघाने सुट्या प्लॅस्टिक चकाकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली आहे. ओढणी, गमछा किंवा वर्तमानपत्र आणि सुतळी पुरेशी आहे. भेटी सोडताना खोलीत दोन पिशव्या ठेवा, एक कागद-खोक्यांसाठी आणि दुसरी बाकीच्यासाठी. वाइनच्या बाटल्या धुऊन भंगारात द्या, किंवा व्हिनेगर भरायला ठेवा.

४. वर्षाअखेरचा ‘ओल्ड मॅन’

सरत्या वर्षाचा ‘ओल्ड मॅन’ म्हणून ३१ डिसेंबरला जाळायचा पुतळा मुलं करणार असतील तर आत पेंढा आणि जुने सुती कपडे भरायला सांगा. फोम, टायर, नायलॉन नको. खरं तर न जाळणंच उत्तम: उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये ५,००० रुपये दंड ठरवला आहे, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००.

५. तीन राजांच्या सणानंतर

६ जानेवारीनंतर गोठा उतरवताना नाचणीचं ताट कोंबड्यांपुढे ठेवा किंवा खतात उलटा. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, म्हणजे पुढच्या वर्षी गुंता होत नाही आणि वायर तुटत नाही. बंद पडलेल्या माळा आणि खेळण्यांतल्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पोचवा.