भिंतीचा तडा बुजवण्याआधी

सिमेंट आणि वाळू नंतर आणा. आधी एक वही, टोकदार पेन्सिल, स्टीलची पट्टी, टॉर्च आणि ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचं, दोरीला टांगलेलं वजन) एवढं जमवा. तडा दिसला की तो लगेच बुजवावासा वाटतो. आमच्या जिन्याजवळचा तडा आम्ही दोनदा पुट्टी भरून रंगवला. दोन्ही वेळा वर्षभरात जुन्या जागेपासून बोटभर अंतरावर नवी भेग उमटली. शेवटी कळलं की गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप जमिनीलगत फुटलेला होता आणि ते सगळं पाणी पायाशी मुरत होतं. म्हणून माझा आग्रह एकच: तडा थांबलाय की अजून चालू आहे, हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नका.

तडा गिलाव्यातच आहे की विटांपर्यंत गेलाय, हे सगळ्यात आधी पाहा. हातोडीच्या दांड्याने आजूबाजूला हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर तिथला गिलावा सुटलाय. तळहाताएवढा गिलावा काढून आतल्या विटा बघा. जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा वाळताना आकसल्यामुळे पडतात, त्यांची काळजी नको. मग पलीकडच्या खोलीत जाऊन त्याच जागी उलट बाजूला तडा आहे का ते पाहा. असेल तर अख्खी भिंत चिरली आहे असं धरा.

आता तड्याचा आकार वहीत काढा. यात वेळ घालवा, कारण निम्मं उत्तर इथेच मिळतं. विटांच्या सांध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा तडा बहुतेक वेळा पाया असमान खचल्याचं सांगतो. तो वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर भिंतीचं टोक खाली जातंय. खाली रुंद असेल तर मधला भाग बसतोय. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली चीर पुष्कळदा दिसते, कारण उघड्या जागेच्या कोपऱ्यावर ताण एकवटतो. छताच्या स्लॅबखाली सरळ आडवी रेघ असेल तर उन्हाने स्लॅब प्रसरण पावून भिंतीवर सरकतो आहे का, हे तपासा. काँक्रीटचा खांब आणि विटा मिळतात तिथली उभी भेग दोन सामग्री वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या-फुगल्यामुळे येते; ती कुरूप दिसते, पण सहसा धोक्याची नसते. भिंतीच्या मध्यावरची आडवी भेग मात्र गांभीर्याने घ्या, विशेषतः भिंतीला पोट आलं असेल तर.

रुंदी डोळ्याने ठरवू नका. छपाईच्या साध्या 80 जीएसएम कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते, म्हणजे दहा कागदांची चळत जवळपास 1 मिलिमीटर. तड्यात किती कागद जातात ते मोजा आणि तिथेच तारीख लिहा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा. भेग खुणेपलीकडे गेली की ती वाढतेय. याहून नेमकं हवं असेल तर तड्याच्या दोन बाजूंना दोन स्क्रू घट्ट बसवून त्यांच्यामधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने दर पंधरवड्याला मोजा. भिंत उन्हाने फुगते, म्हणून मोजायची वेळ दर खेपेला एकच ठेवा. चिकण माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे एक ओला आणि एक कोरडा हंगाम तरी नोंदी हव्यात.

काही तडे मात्र वाट पाहण्यासारखे नसतात. रुंदी 5 मिलिमीटरच्या पुढे गेली, तड्याची एक कड दुसरीपेक्षा पुढे आली, ओळंबा भिंतीपासून सुटू लागला, दारं अचानक अडकू लागली किंवा आठवड्या-आठवड्याला फरक दिसू लागला, तर गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. भार पेलणाऱ्या भिंतीतल्या विटा टेकू दिल्याशिवाय काढू नका. अगदी एकही नाही.

कारण सापडलं की आधी ते दूर करा. गळका पाइप, तुंबलेलं गटार, पायाकडे वाहणारं पाणी हे सगळं नीट करा. भिंतीजवळचं मोठं झाड एकदम तोडू नका. झाड पाणी ओढायचं थांबलं की चिकण मातीत ओल वाढून जमीन उलट वर उचलली जाऊ शकते.

कामाच्या दिवशी त्या भिंतीतली वीज मेन स्विचवरून बंद करा, आणि गॉगल व धुळीचा चांगला मास्क लावा. विटेची आणि सिमेंटची धूळ फुप्फुसांना घातक असते. थांबलेला तडा सांध्यातून गेला असेल तर छिन्नीने जुना मसाला निदान 20 मिलिमीटर खोल काढा, ब्रशने धूळ झाडा, पाणी मारा, मग नवा मसाला दाबून भरा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि भरलेला सांधा भुसभुशीत होतो, म्हणून पाणी मारणं टाळू नका. घर जुनं आणि चुन्यात बांधलेलं असेल तर चुन्याचाच मसाला वापरा. कडक सिमेंट भरलं की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून निघते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. फुटलेल्या विटा बदला. थोडी हालचाल कायम राहणारच अशा भेगेत, उदाहरणार्थ खांबाशेजारी, लवचीक सीलंट भरा.

विटाच चिरल्या असतील तर इंजिनियर बहुधा टाके घालायला सांगतो: विटांचे चार ते सहा रद्दे (थर) सोडून एकेका सांध्यात खाच पाडायची आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 500 मिलिमीटर जाईल अशी स्टेनलेस स्टीलची पिळाची सळी ग्राउटमध्ये (खाच भरायच्या मसाल्यात) बसवायची.

सिमेंटचं काम सात दिवस ओलं ठेवा. गिलावा वाळला की तड्याच्या जागी पुन्हा दोन स्क्रू बसवा, अंतर वहीत लिहा आणि रंगाऱ्याला पुढचा पावसाळा सरल्यावरच बोलवा.